किलोमागे किती?

सर बसायचे नाहीत. डोंबिवली पूर्वेला त्यांचा दवाखाना होता. खाली तपासणीची खोली आणि वरच्या मजल्यावर मोजक्या खाटांचं मुलांचं हॉस्पिटल. तपासणीच्या खोलीत एक उत्तम फिरती खुर्ची होती. त्या खुर्चीवर मी त्यांची बॅग बघितली, ओली छत्री बघितली, एका पेशंटच्या आजोबांनी आणून ठेवलेला फणस तर चांगला आठवडाभर बघितला. सर काही त्या खुर्चीत दिसले नाहीत. पोराला तपासायचे उभ्याने, आईशी बोलायचे उभ्याने, आणि औषधाचा हिशेब करायची वेळ आली की टेबलापासून खिडकीपर्यंत येरझाऱ्या सुरू. "सात किलो आठशे... किलोमागे किती... दिवसाचं एवढं, त्याचे दोन भाग... पाच मिलीत किती असतं? हं." समोर बसलेल्या आयांच्या माना डावीकडून उजवीकडे, उजवीकडून डावीकडे. नव्या आयांना वाटायचं डॉक्टर कसला तरी जप करतायत. जुन्या आया पर्समधून बिस्किटं काढून पोराला भरवत बसायच्या, कारण त्यांना माहीत होतं की हे आता दोनदा होणार. सर प्रत्येक हिशेब एकदा सरळ करायचे, एकदा उलटा. जुळला नाही तर पुन्हा खिडकीपर्यंत. मला तर बघून चक्कर यायची.

मी तिथे गेलेले मुलांच्या डॉक्टरकीची पदवी घेऊन, अगदी ताजी ताजी. पहिल्याच दिवशी सरांनी खिडकीतून समोरच्या जिन्यावर खेळणारा एक मुलगा दाखवला आणि विचारलं, "याचं वजन किती?"

मी बघितलं, म्हटलं, "बारा किलो असेल."

"असेल?"

"म्हणजे... बारा-तेरा."

"डॉक्टर, तुम्ही आज घरी जा," सर म्हणाले. "उद्या या. उद्या मी परत विचारेन, तेव्हा म्हणा, माहीत नाही, काट्यावर ठेवून सांगते."

मला इतका राग आला म्हणून सांगू. सरांचं एक होतं, बरं चाललेलं असलं की मला 'अगं' म्हणायचे आणि बिनसलं की 'डॉक्टर, तुम्ही'. पण मीही हट्टी. घरी गेलेच नाही. दिवसभर बाहेरच्या बाकावर पेशंटसारखी बसून राहिले. संध्याकाळी सर बाहेर आले, मला बघून म्हणाले, "अगं, चहा घेतलास का?" झालं. माझी नोकरी पक्की झाली.

'अंदाज' हा शब्द त्यांच्या तोंडी शिवीसारखा यायचा. कोणावर फार चिडले की म्हणायचे, "तो ना, अंदाजाने चालणारा माणूस आहे." लहान मुलाला अँटिबायोटिक वयावर नाही, वजनावर द्यायचं, हे काही सरांनी शोधून काढलेलं नाही, आम्हा सगळ्यांना शिकवतात. कमी गेलं तर जंतू मरत नाहीत, नुसते निर्ढावतात. जास्त गेलं तर औषधाप्रमाणे कधी पोट, कधी मूत्रपिंड, कधी कान. पण शिकलेलं आपण परीक्षेत लिहितो आणि पुढे गर्दीच्या वेळी 'पाऊण चमचा द्या' म्हणून मोकळे होतो. सरांना ते जमायचंच नाही. गर्दी असो, लाइट गेलेले असोत, हिशेब पूर्ण झाल्याशिवाय कागदावर पेन टेकायचं नाही.

चमच्यावर त्यांचा फार राग. अंगावर पाल पडावी तसे दचकायचे 'चमचा' ऐकून. नवीन आई आली की तिला म्हणायचे, पुढच्या वेळी घरचा औषधाचा चमचा घेऊन या. ती आणायची. मग सर त्या चमच्यात सिरिंजने पाणी भरून दाखवायचे. कोणाच्या चमच्यात पाच मिली मावायचं, कोणाच्या त्याच्या दुप्पट, आणि एका घरी तर आमटी वाढायच्या छोट्या डावाने औषध चाललेलं. दाखवून झालं की तो चमचा जप्त. बदल्यात खुणा असलेली प्लास्टिकची सिरिंज मिळायची. सरांच्या टेबलाचा एक ड्रॉवर अशा चमच्यांनी भरलेला, आणि आपल्याकडे स्टीलच्या भांड्यांवर नावं घालायची पद्धत, त्यामुळे त्या ड्रॉवरमध्ये निम्म्या डोंबिवलीच्या आत्या-मावशांचे सप्रेम भेटीचे चमचे पडलेले. एकदा एक बाई तिच्या आईने दिलेला चमचा परत मागायला आली. सरांनी सगळा ड्रॉवर टेबलावर पालथा केला, तिच्या आईचं नाव शोधून चमचा दिला आणि वर म्हणाले, "पोह्यांना वापर. औषधाला दिसला तर परत घेईन."

बाहेरही हेच. फडके रोडवर संध्याकाळी आम्ही चालत होतो, एक ओळखीचं जोडपं भेटलं, कडेवर पोर, पोराला खोकला. त्यांनी नुसतं बोलता बोलता विचारलं की मागचंच औषध तेवढंच देऊ का. सर म्हणाले, वजन किती आहे आता? ते म्हणाले, असेल की दहाच्या आसपास. सरांनी इकडे तिकडे बघितलं, गल्लीत रद्दीवाला होता, त्याच्या काट्यावर एक वर्तमानपत्र अंथरलं आणि पोराला बसवलं. पोराची आई लाजून अर्धी झाली. रद्दीवाला मात्र खूश. त्याने पोराला एक जुनं चित्रांचं पुस्तकही दिलं. एवढं सगळं करून सर त्यांना म्हणाले, "हा नुसता खोकला आहे. औषध काहीच नको."

आणि हे दुसरं. निम्म्याहून जास्त लोकांना सर अँटिबायोटिक द्यायचेच नाहीत. लोक चिडायचे, एवढा वेळ बसवलं आणि काहीच दिलं नाही म्हणून. ज्यांना द्यायचे त्यांचा पिच्छा सोडायचे नाहीत. पावडरच्या बाटलीत पाणी खुणेपर्यंत घातलं का, फेस बसल्यावर परत बघितलं का, फोटो पाठवा. त्यांच्या मोबाइलमध्ये नातवाचे फोटो मिळून चार असतील आणि औषधाच्या बाटल्यांचे हजारोंनी. एका बारशाला आम्हाला बोलावलेलं, तिथे सर पाळण्यापाशी कमी आणि स्वयंपाकघरात जास्त. फ्रिज उघडून बाटली बघत होते. यजमानीण बाई माझ्याकडे बघून म्हणाली, "त्यांना भूक लागली असेल तर वाढू का?"

मला ह्याचा कंटाळा यायचा. खोटं कशाला बोलू. माझा स्वभाव भरभर कामं उरकायचा, आणि हा माणूस एका पोरासाठी सतरा येरझाऱ्या घालणार. एकदा मी वैतागून विचारलंच की सर, एवढं कशासाठी? जगात सगळे बऱ्यापैकी जवळपास देतात आणि पोरं बरी होतात.

सरांची धाकटी बहीण त्यांच्याकडेच राहायची. तिला ऐकू यायचं नाही; दोघं हातांनी बोलायची आणि बोलताना खूप हसायची. त्यांचं लहानपण आंबिवलीला चाळीत गेलेलं. तिथे ती अगदी तान्ही असताना तिला मोठा ताप आला, कोणा डॉक्टरने इंजेक्शनं दिली, ताप उतरला आणि कान गेले. हे मला माहीत होतं, म्हणून मी पुढे म्हटलं, "तापानेही कान जातात, सर. इंजेक्शनानेच गेले असं कशावरून?"

"तेच तर," सर म्हणाले. "तापानेही जातात. पण तिचं वजन कोणी केलंच नव्हतं. मग मला कळणार कसं?"

आणि खिडकीपर्यंत जाऊन आले. मी त्यानंतर तो विषय काढला नाही.

आता काट्याचं सांगायला हवं. सरांचा तान्ह्या मुलांचा काटा म्हणजे पाळण्यासारखं तबक असलेला इलेक्ट्रॉनिक. त्याची परीक्षा रोज सकाळी मिठाच्या न फोडलेल्या पुडीने व्हायची. त्या काट्याचे दोन नियम सरांनीच केलेले, आणि दुसऱ्या कुठल्या दवाखान्यात मी ते बघितले नाहीत. एक, मुलाला काट्यावर आईनेच ठेवायचं. आईच्या हातातून मूल ओढून घेतलेलं सरांना खपायचं नाही. मूल रडतं, हातपाय झाडतं, आकडा नाचतो. आईचा हात जवळ असला की शांत पडतं. दोन, आकडा सगळ्यांना दिसला पाहिजे. त्यासाठी त्यांनी कल्याणहून एक मोठी लाल आकड्यांची पाटी आणून भिंतीवर लावलेली, काट्याला वायरने जोडलेली. तपासणीचं दार उघडंच असायचं, त्यामुळे बाहेरच्या बाकावरूनही आकडा वाचता यायचा. "सोनार गिऱ्हाइकाला आकडा दाखवतो," सर म्हणायचे. "मी का लपवू?"

दाखवला, आणि झालं काय, तर बाक वाचायला लागला. पोराच्या आज्या तर तोंडपाठ करायच्या. मागच्या वेळी सव्वासात होता, आताही सव्वासातच? आणि मग सगळ्या बायकांच्या नजरा पोराकडे नाही, पोराच्या आईकडे. मी सरांना सांगितलेलं की तो आकडा लोक पोराचा म्हणून नाही, आईचा म्हणून वाचतात. सर म्हणाले, "आकडा हा आकडा असतो, अगं." ह्या माणसाला मिलिग्रॅममधलं सगळं कळायचं, बाकावरचं काही कळायचं नाही.

शीळ रोडकडच्या एका गावातलं मोठं घर होतं. पूर्वीची शेती, आता त्या जमिनीवर इमारती, त्यामुळे तीन मजली बंगला आणि दारात दोन गाड्या. त्या घरातली सगळी पोरं वर्षानुवर्षं सरांकडेच यायची, सहा-सात महिन्यांची ही मुलगीही दर महिन्याला वजनाला यायची. ह्या वेळी सासू आणि सून तिला तापाने घेऊन आल्या. सासू म्हणजे अंगापिंडाने भरभक्कम, आवाज असा की वरच्या मजल्यावरचं पोर जागं व्हावं. नातीवर जीव ओवाळून टाकणारी, हेही खरं. सून एवढीशी, बारीक, पदराच्या टोकाशी चाळा करणारी. आधी गावातच दुसरीकडची औषधं देऊन झालेली, ताप उतरत नव्हता. तपासल्यावर कळलं, लघवीत जंतू, आणि मूत्रपिंडापर्यंत गेलेले. वर दाखल करायचं ठरलं, आणि इंजेक्शन. ते इंजेक्शन सरांना आवडायचं नाही. औषध चांगलं, पण प्रमाण चुकलं तर मूत्रपिंडावर आणि कानावर जाणारं. कान म्हटल्यावर सरांचा चेहरा कसा व्हायचा ते मला माहीत होतं.

सुनेने पोरीला काट्यावर ठेवलं. सासू दारात, नजर भिंतीवरच्या लाल आकड्यावर. आकडा नाचला, मग सहाच्या बराच वर जाऊन थांबला.

"हा, भरलाय जरा वजन," सासू म्हणाली. "मना वाटला, सुकली पोर. आमचे घरान सुकलेला पोर कवा नवता."

सरांनी हिशेब केला, सरळ, उलटा. जुळला. इंजेक्शन सुरू झालं.

दाखल मुलांचं वजन मधून मधून परत करायचा सरांचा शिरस्ता होता. तिसऱ्या दिवशी ताप उतरत आलेला, सून आंघोळीला घरी गेलेली, म्हणून पोरीला काट्यावर ठेवलं सासूने. आकडा पाचच्या जरासा वर. एक किलोच्या वर फरक. सासू घाबरली, "अगो बाय, एवरी उतरली?" दूध पिणारं पोर तीन दिवसांत एवढं उतरत नाही. त्यांनी मिठाची पुडी ठेवली, काटा बरोबर. परत पोरीला ठेवलं, परत पाच. त्यांचा चेहरा पांढरा पडलेला मी पहिल्यांदा बघितला.

दुपारी सून आली. सरांनी दार लावून घेतलं. आत ती, पोरगी, सर आणि मी. "ठेव तिला परत," सर म्हणाले. तिने ठेवलं. आकडा चढायला लागला, पाच, साडेपाच, सहा. मी आकडा बघत होते. सर बघतच नव्हते. ते तिचा हात बघत होते. तबकाच्या कडेला, दुपट्याखाली, तिचा अंगठा होता.

"बोट काढ, बाळा," सर म्हणाले.

तिने काढलं. आकडा खाली आला. ती रडेल असं मला वाटलेलं, रडली नाही. पोरीला उचलून छातीशी धरलं आणि एका दमात बोलत सुटली. "आकडा कमी आला की घरी जाईपर्यंत गाडीत बोलतात. मग घरी सगळ्यांसमोर. तुझ्या दुधात दम नाय, तुझ्या आईने तुला काय खाऊ घातलं की नाय. मी मागच्या दोन-तीन वेळा केलं असं. थोडंसंच दाबते. आईंना सांगू नका, सर."

"अगं, पण त्या वजनावर औषध ठरतं," मी म्हटलं. माझा आवाज चढलेला.

तिने माझ्याकडे बघितलं. "मला वाटलेलं, वजन नुसतं बघायला करतात," ती म्हणाली.

त्या भिंतीवर आम्हीच तिला तेवढंच दाखवलेलं. सर खिडकीपाशी उभे होते, आमच्याकडे पाठ करून. बराच वेळ तसेच उभे राहिले, आणि ह्या माणसाला एका जागी उभं बघायची मला सवयच नव्हती.

इंजेक्शन लगेच बंद केलं. मूत्रपिंडाची रक्ततपासणी केली, ती ठीक आली. लघवीचा रिपोर्टही आला, साध्या औषधाने भागणार होतं. राहिले कान. त्यांची तपासणी ठाण्याला करून घेतली, तीही ठीक आली. पण हे औषध कधीकधी उशिराने आपला हात दाखवतं, म्हणून काही महिन्यांनी परत करायला हवी. तोवर त्या पोरीला ऐकू येतं आणि येत राहणार, असं छातीठोक कोणी सांगू शकत नव्हतं. बोट दिसलं त्याच संध्याकाळी सर स्वतः स्टुलावर चढलेले आणि स्क्रू काढून ती लाल पाटी उतरवलेली. नर्स खाली स्टूल धरून उभी.

आता घरच्यांना सांगायचं होतं. मी सरांना म्हटलं, "तुम्ही अंगावर घेऊ नका. आपण दोघांनी डोळ्यांनी बघितलंय."

"मी एक अक्षर खोटं बोलणार नाही," सर म्हणाले.

आणि नाही बोलले. मुलीचा बाप, त्याचा काका, सासू, सगळे तपासणीच्या खोलीत. सून कोपऱ्यात पोरीला घेऊन. सर म्हणाले, "वजन चुकीचं घेतलं गेलं. माझ्या काट्यावर, माझ्यासमोर. त्यामुळे औषध जास्त गेलं. आज सगळं ठीक आहे, पण कानांची तपासणी काही महिन्यांनी परत करावी लागेल."

"म्हणजे कान जाऊ शकतात?" काकाने विचारलं. त्याच्या मागे दारात आणखी दोघं येऊन उभे राहिलेले.

"शक्यता फार कमी आहे. पण नाही असं मी सांगणार नाही."

टेबलाआडून सरांना लाथ मारावीशी वाटली मला. असं कोणी बोलतं? लोक दवाखान्यांच्या काचा फोडतात ह्याहून कमी कारणासाठी. पण त्या माणसांनी काही फोडलं नाही. सासूच पुढे आली आणि म्हणाली, "एवरी वरसा आमाला चमच्यावरनं बोललास. नि तुजाच काटा खोटा निघाला?" सर मान खाली घालून ऐकत राहिले. मी सुनेकडे बघितलं. ती फरशीकडे बघत होती. मला तिचा राग आला, दयाही आली, आणि दोन्ही एकदम आल्यामुळे मी तिथून उठून वर निघून गेले.

ते पोरीला घेऊन गेले ते गेलेच. आणि बातमी पसरली. म्हाताऱ्याचा काटा चुकतो. बाहेरचा बाक रिकामा दिसायला लागला. केमिस्टही हसून विचारायचा, "काय, काटा दुरुस्त केला का?" माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. पंधरा वेळा तोंडावर आलेलं मी गिळलं. सरांना बाकाचं काही पडलेलं नव्हतं. त्यांना एकच काळजी, तिला ऐकू येतं ना?

त्या काळजीने हा माणूस पार वेडा झाला. आधी फोन करायचे, विचारायला की हाक मारली की बघते का. घरच्यांनी फोन उचलणं बंद केलं. मग एकदा खुळखुळा घेऊन घरी गेले. आत घेतलं, पाणी दिलं, पोरगी झोपलीय म्हणून वाटेला लावलं. पुढच्या वेळी फाटकच उघडलं नाही. मग रविवारी सर त्या बंगल्यासमोरच्या चहाच्या टपरीवर जाऊन उभे राहायला लागले. मला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा मी म्हटलं, मार खाल, आणि एका रविवारी त्यांच्याबरोबर गेले. दोन शिकलीसवरलेली माणसं, चोरासारखी हातात कटिंग धरून गॅलरीकडे बघतोय. तिथे पोरगी आत्याच्या कडेवर होती. सरांनी आमच्या रिक्षावाल्याला सांगितलं, हॉर्न वाजव. त्याने असा वाजवला की पोरगी वळली, आत्या वळली, शेजारची म्हैसही वळली.

"वळली, सर, वळली," मी म्हटलं. "चला आता."

"आत्या वळली म्हणून ती वळली," सर म्हणाले. "ह्यावरून काही ठरत नाही."

परत येताना रिक्षात ते गुडघ्यावर बोटं आपटत राहिले, डोंबिवली येईपर्यंत.

दुसऱ्या तपासणीची वेळ आली. घरच्यांनी निरोप पाठवला की पोरगी ठणठणीत आहे, आता आम्हाला तुमचं काही नको. सरांचं जेवण तुटलं. मी त्यांना शेकडा किती जणांना काही होत नाही हे समजावत बसलेले, आणि ते मला विचारत होते, "आणि बाकीच्यांचं?" अशात एका दुपारी दवाखान्यातला फोन वाजला. सून होती. हळू बोलत होती. "मी कळव्याला माहेरी आलेय. इथून ठाण्याला घेऊन येऊ का तिला? तुम्ही याल?"

खोपटला, एसटी डेपोच्या जवळ, ते तपासणीचं ठिकाण होतं. आम्ही तिच्या आधी पोचलो. तपासणीला पोर झोपलेलं लागतं, आणि सरांच्या चपलांचा आवाज काही थांबेना, तेव्हा तिथे तपासणी करणाऱ्या मुलीने त्यांना हाताला धरून बाहेर काढलं. मी आत. सून पोरीला थोपटत होती आणि थोपटता थोपटता ओठ हलत होते, देवाचं नाव घेत असावी. माझेही हलत होते की काय कोण जाणे.

दोन्ही कान उत्तम. मी बाहेर येऊन सांगितलं तर सर म्हणाले, परत बघायला सांग. त्या मुलीने कागद त्यांच्या हातात दिला. त्यांनी तो वरून खाली वाचला, खालून वर वाचला. मग फोन काढला, बहिणीला व्हिडिओ लावला आणि डेपोच्या बाहेर, एसट्यांच्या गोंगाटात, एका हातात फोन धरून दुसऱ्या हाताने तिला काहीतरी सांगत राहिले. त्यांचे डोळे वाहत होते. पडद्यावर ती हसत होती.

सून पोरीला घेऊन शेजारी उभी. सरांनी फोन ठेवल्यावर म्हणाली, "मी घरी सांगणार आहे. बोट मी लावलेलं ते."

"काही गरज नाही," सर म्हणाले. "कान ठीक आहेत. विषय संपला."

"तुमचा संपला, सर. माझा दर महिन्याला असतो, हिचं वजन झालं की."

सर तिच्याकडे बघतच राहिले. मला वाटतं, आमच्या इतक्या दिवसांत कोणीतरी त्यांना काहीतरी शिकवलं असेल तर ते तेव्हा. मी तिला रिक्षात बसवलं. म्हटलं, काही वाटलं तर फोन कर, कधीही. तिने मान हलवली आणि रिक्षा निघून गेली.

त्यानंतर माझी झोप उडाली. त्या घरात तिचं काय झालं असेल? फोन नाही, निरोप नाही. सर रोज सकाळी विचारायचे, "काही कळलं?" आणि मी रोज नाही म्हणायचे. मलाच वाटायला लागलं की तिला अडवायला हवं होतं.

मग एका सकाळी बाहेर तो आवाज आला. सासू. चपला दारात काढून सरळ आत आली, मागे सून, सुनेच्या कडेवर पोरगी. मी उठून उभी राहिले. म्हटलं, आज काचा फुटणार. सर पाठीमागे हात बांधून टेबलापाशी उभे.

"हिनी सांगितला मना," सासू म्हणाली. "बोट हिचा होता."

सरांनी पाठीमागचे हात सोडले.

"नि लावायला कोनी लावला, ते बी मना कलतं." तिने एकदा भिंतीकडे बघितलं, जिथे पाटीच्या स्क्रूची भोकं तेवढी राहिलेली. मग सुनेच्या कडेवरून पोरगी तिने आपल्याकडे घेतली. सुनेच्या खांद्याला धरून तिला पुढे केलं, तान्ह्यांच्या काट्याकडे नाही, मोठ्या मुलांसाठी कोपऱ्यात उभं राहायचा काटा होता त्याच्याकडे.

"हिचा वजन करा, डॉक्टर. जेवत नाय. मी बगतेय ना, कवापासून सुकत चाललीय."

सर गोंधळले. "आजी, मी मुलांचा डॉक्टर आहे हो."

"मंग?" सासू म्हणाली. "पोरच हाय ती."

सुनेने चपला काढल्या आणि काट्यावर चढली. सासू नातीला घेऊन चार पावलं मागे सरकली, भिंतीपाशी गेली आणि काट्याकडे पाठ करून उभी राहिली.